आघाताला टिकणारी ग्लास-इपॉक्सी प्लेट: थर फिरवून लावू की शिंपल्यासारखी रचना करू?

कुपवाडकर: ४ मिमीची प्लेट आहे. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) एकदिशा ग्लास कापड, १६ थर, मांडणी ०/९०, म्हणजे एक थर आडवा, एक उभा. पाना पडला की मागची बाजू तंतूंच्या रेषेत फाटते, थर सुटतात. मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या समुद्री प्राण्याच्या हातोड्यासारख्या अवयवात थर थोडेथोडे फिरत जातात, तसं केलं तर कोन किती ठेवावा?

थरावरथर: ०/९० मध्ये शेजारच्या थरांचा ताठपणा अजिबात जुळत नाही, वाकताना सांध्यावर ताण येतो आणि तिथेच थर सुटतात. कोन लहान केला की भेगेला वळत जावं लागतं. मात्र ० ते १८० सलग फिरवू नका. मांडणी सममित राहत नाही, गरम करून थंड झाल्यावर प्लेट पापडासारखी वळते. ० पासून २२.५ अंशांनी १५७.५ पर्यंत ८ थर लावा, पुढचे ८ उलट क्रमाने. मधले दोन एकाच दिशेचे येतात, ते चालतं.

कापड कापताच वरच्या बाजूला मार्करने कोन लिहा. तुकडा उलटा पडला तर २२.५ चा १५७.५ होतो, आणि ही चूक राळ क्युअर झाल्यावर (कडक झाल्यावर) सापडत नाही.

३००×३०० मिमीला कापड ४३२ ग्रॅम. तंतू आकारमानाने निम्मे धरले तर राळ (इपॉक्सी) साधारण २०५ ग्रॅम, वाया जाणारी धरून २६० करा. एलवाय ५५६ (राळ) आणि एचवाय ९५१ (हार्डनर, राळ कडक करणारा) वजनाने १००:१०, म्हणजे २३६ आणि २४. पसरट ट्रेमध्येच कालवा, उभ्या डब्यात मिश्रण तापून लवकर घट्ट होतं. व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून थर दाबणारी पिशवी) हवीच. पावसाळ्यात हार्डनरचा मेणचट थर वर येतो, त्यावर पुढचं काही चिकटवायचं तर आधी कोमट पाण्याने धुऊन मग घासा.

कृष्णाकाठ: शिंपल्याचं तत्त्व वेगळं. कृष्णेतला शिंपला पक्कडीने मोडा आणि आतल्या चकचकीत थराची कड भिंगातून बघा, पायऱ्यापायऱ्या दिसतात. त्यात सुमारे ९५ टक्के अरॅगोनाइट हे ठिसूळ चुन्याचं खनिज, पण त्याच्या अर्धा मायक्रॉन जाडीच्या विटा मऊ सांध्यावर सरकतात आणि त्या सरकण्यातच ऊर्जा जिरते. सांधा फार पक्का केला तर वीटच तुटते. शेडमध्ये हे जमवणं अवघड आहे, आधी कोनच बदला.

कुपवाडकर: तपासणी कशी करू?

थरावरथर: १००×१५० मिमीचे तुकडे, १६ मिमी व्यासाचं गोल टोक, ५.५ किलो वजन ४९ सेंमीवरून, म्हणजे साधारण २६ ज्यूल. मग तुकडा ट्यूबलाइटसमोर धरा. सुटलेले थर पांढरट दिसतील, त्यांची कड पेनने आखून घ्या. फिरवलेल्या मांडणीत हा डाग ०/९० पेक्षा मोठाही येऊ शकतो, त्याने घाबरू नका. मागची बाजू फाटली का आणि खड्डा किती खोल, हे मोजा.