व्यवस्थापित क्लाउड डेटाबेस: स्टँडबाय असताना बॅकअप कशाला?

प्रश्न: आम्ही आमचा पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस ॲमेझॉन आरडीएसवर (ॲमेझॉनच्या व्यवस्थापित डेटाबेस सेवेवर) हलवत आहोत. दुसऱ्या झोनमध्ये (वेगळ्या डेटा सेंटरमध्ये) स्टँडबाय, म्हणजे मूळ डेटाबेसशी सतत जुळवलेली राखीव प्रत, ठेवल्यावरही बॅकअपची वेगळी काळजी घ्यावी लागते का, आणि वाचनाचा भार त्या स्टँडबायवर टाकता येईल का?

उत्तर १: काळजी घ्यावीच लागते. स्टँडबाय हा यंत्र बंद पडण्यापासून वाचवतो, चुकीच्या आदेशापासून नाही. कोणी ‘व्हेअर’ची अट न लिहिता ‘डिलीट’ चालवले, तर त्या नोंदी दोन्हीकडून जातात. अशा वेळी बॅकअपवरून विशिष्ट क्षणापर्यंतचा डेटा परत मिळवता येतो, मात्र त्यासाठी मूळ डेटाबेस मागे नेला जात नाही, तर वेगळ्या पत्त्याचा नवा इन्स्टन्स (स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर) उभा राहतो आणि ॲप्लिकेशनची जोडणी तिकडे वळवावी लागते. ही कृती संकट येण्याआधी एकदा पूर्ण करून पाहावी, असा माझा आग्रह आहे, कारण मोठा डेटाबेस परत उभा राहायला किती वेळ लागतो हे तेव्हाच कळते. स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येतात. त्याहून जुनी प्रत हवी असेल, तर स्नॅपशॉट (त्या क्षणीची पूर्ण प्रत) स्वतः घ्यावा.

उत्तर २: वाचनाबद्दल: एकच स्टँडबाय असलेल्या रचनेत त्यावरून वाचता येत नाही. त्यासाठी रीड रेप्लिका (फक्त वाचनासाठीची वेगळी प्रत) लागते, आणि ती थोडी मागे असू शकते, म्हणून नुकतीच केलेली नोंद लगेच दाखवायची असेल तिथे मूळ डेटाबेसच वापरावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नव्या इन्स्टन्सचा पत्ता बदलतो, हे आमच्या आराखड्यात नव्हते. ते आता नोंदवतो.