सुमेरियन लोकांनी लिहायला सुरुवात हिशोबासाठी केली का?

रिकामटेकडा: काल झोप येईना म्हणून सुमेरियन लोकांबद्दल (आजच्या दक्षिण इराकमधले प्राचीन लोक) वाचत बसलो. इ.स.पूर्व ३२०० च्या आसपास त्यांच्या उरुक शहरात लिपी आली म्हणे, मला वाटलं स्तोत्रंबित्रं असतील, बघतो तर काय, बहुतेक सगळा हिशोबच! असं का?

खर्डेघाशी: अहो देवळांच्या कोठारात जव, मेंढ्या, बिअर सारखं येणार-जाणार, लक्षात किती ठेवायचं? ओल्या मातीची तळहातात मावेल अशी वडी घ्यायची, त्यावर बोरू दाबायचा, पाचरीसारखी खूण उमटते. अगदी सुरुवातीला तर चित्रंच होती, माणसाचं डोकं आणि त्याला लागून वाडगा, की झालं ‘खाणं’. मजुरांना रेशनमध्ये जव आणि बिअर मिळायची त्याच्याही नोंदी आहेत. कथा-काव्य बरंच नंतर, आधी खतावणी :)

पाढे_विसरलो: आणि ते साठाच्या पटीत मोजायचे! तासाची ६० मिनिटं, वर्तुळाचे ३६० अंश, सगळं तिथूनच, पुढे त्याच भागातल्या बाबिलोनी लोकांकडून आलेलं.

रिकामटेकडा: भारी. आपल्याकडे काही कनेक्शन?

खर्डेघाशी: आहे ना. सुमेरियनांच्याच उर शहरात सिंधू संस्कृतीच्या मुद्रा सापडल्यात, तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांमध्ये लाल कार्नेलियनचे (अकीकसारख्या दगडाचे) मणी निघाले ते बहुतेक सिंधूकडचेच. तिथल्या जुन्या लेखांमध्ये ‘मेलुहा’ नावाचा देश येतो, बरेच अभ्यासक तो म्हणजे सिंधू खोरं मानतात. मात्र सुमेरियन भाषेचं नातं कुठल्याच भाषेशी जुळलेलं नाही, त्यामुळे संस्कृतशी जोडणारे फॉरवर्ड आले तर डिलीट मारा.