मदत हवी आहे: गावातल्या नेटवर्कची तक्रार ट्रायपर्यंत न्यायची कशी?

नमस्कार मंडळी. विषय मोबाईल नेटवर्कचा आहे, पण मला नुसतं कंपनीच्या नावानं ओरडायचं नाहीये. कंपन्यांवर लक्ष ठेवायला जी संस्था बसवलीय, म्हणजे ट्राय, तिच्याकडं आमच्यासारख्यांनी नक्की काय मागायचं आणि कुठल्या वाटेनं मागायचं हे समजून घ्यायचंय. थोडं लांब झालंय, जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

आमचं गाव घाटाखाली आहे, आसपासच्या वाड्या धरून सगळ्यांना मिळून एकच टॉवर. लाईट असली की रेंज असते, लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो, कारण बॅटऱ्या जुन्या झाल्यात आणि जनरेटर उभा आहे पण डिझेल नसतं. पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे. मग रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर १०८ ला फोन लावायला आधी कुणीतरी गाडी काढून वरच्या वळणापर्यंत जायचं. पोर्ट करा असं शहरातले नातेवाईक सांगतात, पण इथं दुसऱ्या कुठल्या कंपनीची रेंजच नाही तर पोर्ट करून जायचं कुठं?

१९८ वर, म्हणजे कंपनीच्या तक्रार नंबरवर, तक्रारी केल्यात, गावातल्या बऱ्याच जणांनी केल्यात. होतं असं की तक्रार तपासायची वेळ येईपर्यंत लाईट आलेली असते, टॉवर चालू दिसतो, आणि 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज येतो. तक्रार बंद. पुढच्या आठवड्यात परत तेच.

आता ट्रायबद्दल मी जे वाचलंय त्यावरून मला पडलेला खरा प्रश्न. कॉल ड्रॉप २ टक्क्यांच्या आत पाहिजे, टॉवर अमुक इतकाच वेळ बंद राहिला तर चालेल, अशा मर्यादा ट्रायनं घालून दिल्यात आणि कंपन्यांचे रिपोर्टही त्यांच्या साईटवर टाकतात. पण हे आकडे असतात अख्ख्या सर्कलचे, म्हणजे कंपनीच्या मोठ्या सेवाक्षेत्राचे. आपलं महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. गडचिरोलीपासून पणजीपर्यंत सगळ्यांची सरासरी काढली तर त्यात आमचा एक टॉवर कुणाला दिसणार? पुणे-नाशिकचे हजारो टॉवर नीट चालले की आकडा मर्यादेत बसतो आणि कंपनी पास होते. म्हणजे नियम पाळला गेला आणि आमचा फोनही लागला नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात खऱ्या असू शकतात. हे मला फार लागतं.

तर ट्रायला थेट पत्र लिहून उपयोग आहे का? का ते ग्राहकाची तक्रार घेतच नाहीत? ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येईल का? आणि दूरसंचार विभाग, ट्राय, टीडीसॅट ह्यातला कोण कशासाठी आहे ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो असं वाटतंय.

प्रतिसाद

दादा, आधी वाईट बातमी. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, कायद्यानं तो अधिकारच त्यांना दिलेला नाही. पत्र पाठवलंत तर ते कंपनीकडं पुढं पाठवतील, फार तर तसं उत्तर येईल. ट्राय १९९७ च्या कायद्यानं आलं, सुरुवातीला वाद सोडवायचं कामही त्यांच्याकडं होतं, ते २००० च्या दुरुस्तीत काढून टीडीसॅट ह्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडं दिलं. तेव्हापासून ट्रायकडं उरलं ते नियम करणं, दर्जा मोजणं, दरांवर लक्ष ठेवणं. लायसन्स आणि स्पेक्ट्रमबद्दल ते फक्त शिफारस करतात, निर्णय दूरसंचार विभागाचा म्हणजे केंद्र सरकारचा.

आता तुमची वाट. १९८ वर तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, येतो तो प्रत्येकानं जपून ठेवा, त्याच्याशिवाय पुढं काही हलत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत अपील करायचं, फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यायचं बंधन आहे. ही रचना ट्रायच्याच २०१२ च्या नियमांतली आहे आणि बहुतेक लोक १९८ वरच थांबतात, अपील करतच नाहीत. 'निराकरण झाले' मेसेज आला की संपलं असं समजू नका, अपिलाची खरी वेळ तीच. तिथंही काही झालं नाही तर दूरसंचार विभागाकडं केंद्राच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं.

आणि ग्राहक आयोग विसरू नका. २००९ च्या एका निकालामुळं टेलिफोनच्या तक्रारी तिथं घेत नव्हते, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रार आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येते, तुमच्या रिचार्जच्या रकमेला फी लागणार नाही, आणि सगळ्यांचं दुखणं एकच असेल तर आयोगाच्या परवानगीनं अनेक ग्राहकांची मिळून एक तक्रारही चालते. टीडीसॅट कंपनी विरुद्ध ग्राहकांचा गट असा वाद ऐकू शकतं, एकट्या ग्राहकाचा नाही. पण ते दिल्लीत बसतं, वकील आणि खर्च बघता मी आधी जिल्हा आयोगच म्हणेन.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात प्रक्रिया बरोबर सांगितलीय. सरासरीच्या मुद्द्यावर मला बोलायचंय कारण धागाकर्त्यानं नेमकं दुखणं पकडलंय.

ट्राय काहीच करत नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. नंबर न बदलता कंपनी बदलता येते ती सोय, २०१६ मधला डेटाच्या दरात भेदभाव करायचा नाही हा नियम, डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल-एसएमएसचे रिचार्ज ठेवायला लावले तेही, ही सगळी ग्राहकाच्या बाजूची कामं आहेत. कॉल ड्रॉपवरही प्रयत्न केला होता. प्रत्येक ड्रॉपला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३, असा भरपाईचा नियम २०१५ मध्ये काढला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मनमानी ठरवून रद्द केला. त्यानंतर ग्राहकाच्या खिशात थेट पैसे देणारा नियम करताना ट्राय जपून पाऊल टाकतं असं माझं मत झालंय.

२०२४ मध्ये दर्जाचे नवे नियम आले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त ठप्प राहिली तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची. ऐकायला छान आहे, पण मोजमाप जिल्ह्याचं आहे. एका खोऱ्यातला एक टॉवर दोन दिवस बंद पडला तर तो ह्यात येत नाही. तुमच्या गावाला जी भरपाई हवी ती ह्या नियमात लिहिलेलीच नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. महिन्यात सगळा मिळून २४ तासांपेक्षा जास्त वेळ बंद राहणारे टॉवर वेगळे मोजले जातात, अशांचं प्रमाण शेकडा ठराविक मर्यादेत राहायला हवं. मर्यादेत राहिलं की कंपनी पास. ह्यातली गोम अशी की दर महिन्याला त्या सवलतीत, म्हणजे चालवून घेतलेल्या बंद टॉवरांत, तीच ती गावं बसली तरी नियमाला कळत नाही. शहरातला टॉवर पडला तर शेकडो गिऱ्हाईकं पोर्ट होतात म्हणून कंपनी धावते, तुमच्याकडं पोर्टची भीती नाही म्हणून तुमचाच टॉवर सवलतीत जातो. जिथं एकच कंपनी आहे तिथं ह्या मर्यादेनं भागत नाही, तिथं टॉवरनिहाय हिशोब मागितला पाहिजे. ट्रायकडं बोलायचा तुमचा मुद्दा हाच आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तीच ती गावं सवलतीत बसतात हे वाचून मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो, इतक्या दिवसांत कुणी असं मांडलं नव्हतं.

आता असं ठरवतोय. ग्रामपंचायतीत एक वही ठेवायची, टॉवर कधी गेला, कधी आला, लाईट होती का नव्हती, त्यावेळी कुणाचं काय अडलं. ज्यांच्या ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांनी आपापली तक्रार करून डॉकेट नंबर त्याच वहीत लिहायचा आणि मेसेज आला की लगेच अपील करायचं. वयस्कर लोकांची अपिलं भरायला आमची कॉलेजची पोरं तयार आहेत.

दोन शंका उरल्यात. आमच्या टॉवरचा बंद राहण्याचा आकडा माहिती अधिकारात मिळू शकतो का, कंपनी तर खाजगी आहे. आणि नियमच बदलायला हवा असेल तर ते ट्रायला सांगायचं कुठं?

प्रतिसाद

खाजगी कंपनीकडं माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही, पण कंपनीनं ट्रायला किंवा दूरसंचार विभागाला जे कळवलंय ते त्यांच्याकडं मागता येतं. ऑनलाईन अर्ज होतो, १० रुपये फी. 'आमच्या गावात नेटवर्क का नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अमुक तालुक्यात, अमुक महिन्यांत, २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलेल्या टॉवरची यादी, अशी कागदावर असू शकणारी गोष्ट मागा. अशी यादी त्यांच्याकडं नाही असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, टॉवरनिहाय हिशोब कुणी ठेवत नाही ह्याचा तो लेखी पुरावा होईल.

कव्हरेजचा नकाशा आता प्रत्येक कंपनीला साईटवर टाकावा लागतो, तोही २०२४ च्या नियमांतलाच भाग आहे. तुमचं गाव त्यात रंगवलेलं असेल तर त्याचं चित्र काढून तारखेसह ठेवा आणि अपिलाला जोडा. नकाशात रेंज दाखवायची आणि लाईट गेली की ती नसायची, हा मुद्दा ग्राहक आयोगात चांगला उभा राहतो.

नियम बदलाचं म्हणाल तर ट्राय कुठलाही मोठा नियम करायच्या आधी चर्चेचा मसुदा काढतं आणि कुणाकडूनही लेखी मतं मागवतं, नंतर खुली चर्चा होते. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर भेदभाव नको ह्या मागणीच्या, वेळी लोकांनी लाखो ईमेल पाठवले होते आणि पुढच्या वर्षीचा नियम ग्राहकांच्या बाजूनं आला. मसुदे मुख्यतः इंग्रजीत असतात, त्यामुळं खेड्यातली मतं तिथं फारशी पोचतच नाहीत आणि कंपन्यांची मात्र पानंच्या पानं असतात. तुमची वही, डॉकेट नंबर आणि ग्रामसभेचा ठराव हे तिथं मत म्हणून पाठवा. इंग्रजी करून द्यायला मी तयार आहे, मजकूर मराठीतच लिहून इथं टाका. ठरावात टॉवर बंद असल्याच्या तारखा आणि तास आले पाहिजेत. नुसतं 'नेटवर्कची गैरसोय होते' असं लिहू नका.

धागाकर्ता

चालेल. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतो, कच्चा मजकूर त्याआधी इथं टाकतो. आणखी कुणाच्या गावात एकाच कंपनीचा टॉवर असेल आणि हेच होत असेल तर कृपया तालुका लिहून ठेवा. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या पाच-सात गावांच्या वह्या एकत्र गेल्या तर हा एका गावाचा किरकोळ प्रश्न आहे असं कुणाला म्हणता येणार नाही.