बगॅसच्या कागदाची खरी अडचण

'उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून, कागद होतो, मग आपले साखर कारखाने तो का करत नाहीत?' हा प्रश्न रास्त आहे. तंत्रज्ञान आहेच. तमिळनाडूत करूरजवळ टीएनपीएल (तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स) ही कंपनी कित्येक वर्षं बगॅसपासून कागद बनवते. साखर कारखान्यांना बगॅस बॉयलरसाठी लागतो, म्हणून त्याच्या बदल्यात त्यांना वाफ किंवा इंधन पुरवलं जातं. माझ्या मते खरी कल्पकता या देवाणघेवाणीत आहे! आपल्याकडे तोच बगॅस जाळून वीज विकता येते, मग कागदाला कोण देणार?

तांत्रिक बाजूही सोपी नाही. बगॅसचा जवळजवळ तिसरा हिस्सा पिथ, म्हणजे मऊ भुसकट असतं. ते आधी काढलं नाही तर रसायनं पिऊन टाकतं आणि कागद यंत्राच्या जाळीवर लगद्यातलं पाणी लवकर निथळत नाही. शिवाय गाळप काही महिने, कागद गिरणी वर्षभर. म्हणून बगॅस ओला ठेवून मोठ्या ढिगांत साठवावा लागतो. बगॅसचे धागे जेमतेम एक-दीड मिलिमीटरचे, पाइनच्या लाकडाचे तीनच्या आसपास. छपाईला पृष्ठभाग छान येतो, पण कागद लवकर फाटतो, त्यामुळे लांब धाग्यांचा लगदा मिसळतात.