मदत हवी आहे: डिमेन्शिया केअर सेंटर, पुणे. रविवारपर्यंत ठरवायचंय

नीलाक्षी_७१
दोन ठिकाणं पाहून झालीत. एक सिंहगड रोडला आतल्या बाजूला, जुन्या बंगल्यात. महिना ३८ हजार, डायपर-औषधं वेगळी, एका खोलीत तिघी. दुसरं वाघोलीच्या पुढे, नवी इमारत, ६५ हजार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. तिथे फिजिओ, बाग, सीसीटीव्ही सगळं आहे. कुठलं घेऊ? भाऊ रविवारी रात्री अमेरिकेला परत जातोय, त्याआधी पैसे भरायचेत. 'घरीच ठेवा' हा सल्ला कृपया नको.

ठाणेकर_मोहन
कोणासाठी? वय काय? चालतात की अंथरुणावर? निदान कोणी केलं, कधी? ताई, एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

अनघा_कोथरूड
तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते. सासूबाईंना सहा वर्षं घरी सांभाळलं. ब्युरोच्या दोन बायका, बारा-बारा तासांच्या. ओळखीची भिंत, ओळखीचा संडास, देवघरातली घंटा यांवर त्यांचा दिवस उभा असतो. जागा बदलली की माणूस खचतं.

केदार_बडोदा
अनघाताई, तुमच्या घरात माणसं होती म्हणून जमलं. आमच्याकडे आई एकटी बाबांना उचलायची, रात्र रात्र जागायची. बाबांच्या आधी दीड वर्ष आई गेली. सेंटरमध्ये ठेवणाऱ्याला माया नसते असं कृपया सुचवू नका.

अनघा_कोथरूड
तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. आणि रात्री दोन वाजता बाई न सांगता निघून जाते तेव्हा काय होतं, ते मीही सोसलंय.

नीलाक्षी_७१
सॉरी, घाईत लिहिलं. आत्यासाठी. ७८ पूर्ण. लग्न केलं नाही, सांगलीला एकटी राहायची, निवृत्त शिक्षिका, गणित शिकवायची. तीन वर्षांपूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला, त्यावरची डोनेपेझिल गोळी चालू आहे. चालते छान, तीच अडचण आहे. गेल्या सोमवारी पहाटे चारला अनवाणी बाहेर पडली, शाळेला उशीर झाला म्हणून. दूधवाल्याने घरी आणलं. आता माझ्याकडे आहे. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, ठेवलेली बाई रविवारी गावी जातेय. रात्रभर कड्या वाजवते, परवा मला ओळखलं नाही.

सांगलीकर_आबा
कुठल्या शाळेत होत्या बाई? आमची थोरली बहीण गणिताला एका बाईंचं नाव अजून काढते.

नीलाक्षी_७१
आबा, शाळेचं नाव इथे नको, रागावू नका.

वैद्यप्रेमी
ब्राह्मी घृत रोज रात्री, नाकात गाईचं तूप दोन थेंब, शिवाय सुडोकू. आमच्या काकांना तीन महिन्यांत फरक पडला.

ठाणेकर_मोहन
काकांचं निदान काय होतं? बी१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरभोळेपणा येतो, आणि तो उपचाराने सुधारतो. अल्झायमर सुडोकूने मागे फिरत नाही. आशा लावताना जपून लावा, समोरची बाई थकलेली आहे.

वसुधा_सिस्टर
मी नर्स आहे, त्यातली नऊ वर्षं वृद्धांच्याच वॉर्डात काढली. नीलाक्षी, आधी एक सांग: हे रात्रीचं फिरणं, न ओळखणं हळूहळू वाढत आलं की गेल्या आठ-दहा दिवसांत एकदम? एकदम असेल तर उद्या सकाळी लघवी तपासायला दे. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की पुष्कळदा ताप येत नाही, जळजळ सांगता येत नाही, डोकंच भरकटतं. बद्धकोष्ठ किंवा नवी गोळी सुरू झाल्यानेही होतं. ते आजाराचं वाढणं समजून माणसं घाईने निर्णय घेतात.

आता सेंटरचं. बाग आणि फिजिओ माहितीपत्रकात असतात. तू गेलीस तेव्हा तिथली माणसं काय करत होती? रात्री किती जणांमागे किती मदतनीस? मराठी बोलणारं कोणी आहे का? उद्या आत्या अंथरुणाला खिळली, नळी लागली तर ठेवून घेतात की घेऊन जा म्हणतात? आणि झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून देतात, हे स्पष्ट विचार. शांत ठेवायला देतात त्या क्वेटियापिन, ओलान्झापिनसारख्या मनोविकारावरच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच द्यायला लावला आहे. कधी कधी त्या द्याव्याच लागतात, पण डॉक्टरांनी पाहून, थोड्या दिवसांसाठी. कर्मचारी कमी आहेत म्हणून सगळ्यांना संध्याकाळी सहाला गुंगीत टाकणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. म्हणून संध्याकाळी पाच-सहाला न कळवता जा. त्याच वेळी ही माणसं जास्त बेचैन होतात, आणि सेंटर कसं आहे ते तेव्हाच कळतं.

कागदपत्र
व्यवहार कोण बघतं? मूलबाळ नाही, म्हणजे हा प्रश्न आधी. समज गेल्यावर करून घेतलेलं कुलमुखत्यारपत्र टिकत नाही, आणि आधी केलेलंही माणसाची समज गेली की संपतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१. पुढे उच्च न्यायालयातून पालक नेमून आणावा लागतो. अजून थोडी समज असेल तर डॉक्टरांचा दाखला घेऊन आत्ताच बँकेचं बघा.

सांगलीकर_आबा
पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. विसरलात की पेन्शन बंद.

केदार_बडोदा
मोबाईलवर चेहरा दाखवून होतो आता, जीवन प्रमाण.

सांगलीकर_आबा
होतो म्हणे. आमच्या हिचा तीनदा झाला नाही, पापणी मिटत नाही म्हणून. बँकेच्या माणसाला घरी बोलावलं.

ठाणेकर_मोहन
पेन्शनवर वेगळा धागा काढा. नीलाक्षीताई, एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून डिमेन्शियावरच काम करते, तिच्या आधारगटात दुसऱ्या घरांशी बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

नीलाक्षी_७१
वसुधाताई, एकदमच वाढलं होतं. दहा दिवसांत. मी आजार समजून बसले. लघवीत पू पेशी भरपूर निघाल्या, अँटिबायोटिक सुरू केलं. काल रात्री पाच तास झोपली. सकाळी मला नावाने हाक मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण शाळेची किल्ली अजून मागतेय. दुपारी गॅस चालू ठेवला होता. सेंटर लागणारच.

काल संध्याकाळी दोन्हीकडे गेले. वाघोलीला गेटवरच अडवलं, भेटीची वेळ ११ ते १. पहिल्या भेटीत तिथे सगळे टीव्हीसमोर एका रांगेत बसलेले होते, तेव्हा मला ती शिस्त वाटली होती. सिंहगड रोडला आत सोडलं. एका खोलीला लघवीचा वास होता, ते खरं. रात्री चौदा जणांमागे दोघीच. पण एक आजी मेथी निवडत होत्या, आणि मदतनीस मुलगी निवडलेली गुपचूप जुडीत परत मिसळून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवत होती. सगळ्यांना नावाने ओळखते. गोळ्यांची वही मागितली, लगेच दाखवली.

अनघा_कोथरूड
चौदामागे दोघी कमी आहेत. लेखी मागून घ्या की रात्री तिसरी ठेवतील. आणि एकदम कायमचं नको, आधी महिनाभर ठेवून बघा.

नीलाक्षी_७१
महिन्याचंच बोलणं झालंय, तिसरीचंही विचारते. आता खरा प्रश्न: तिला काय सांगू? 'शाळेत चाललोय' म्हटलं तर लगेच गाडीत बसेल. पण आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणाली ती.

केदार_बडोदा
बाबांना खरं सांगितलं. ते रोज नव्याने विसरायचे आणि रोज नव्याने ऐकून रडायचे. परत ती चूक करणार नाही.

अनघा_कोथरूड
मला खोटं पटत नाही. 'काही दिवस इथे राहायचं, मी रविवारी येते' एवढं सांगा. ते खरंच आहे.

वसुधा_सिस्टर
अनघाताईंचं वाक्य घे. शाळेचा विषय तिने काढला तर मोडू नकोस, 'आज काय शिकवायचंय?' विचार. सोबत जुन्या वह्या आणि लाल पेन दे, ती तपासत बसेल. स्वतःची उशी, चादर दे, आणि प्रत्येक कपड्याला नाव शिव, धुण्यात बदलतात. अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडू नका, तिथल्या सिस्टरला लिहून दे.

नीलाक्षी_७१
नावं शिवतेय. लाल पेनं चार घेतली. तिसरी बाई रात्रीची ठेवतो म्हणालेत, कागदावर मागितलंय. शनिवारी ११ ला नेते. तिची शाळा ११ चीच होती.