शब्दचर्चा: ‘ड्राय’ वाइनला मराठीत काय म्हणावं?

कैरीपन्हं
लेबलावर ‘ड्राय’ छापलेलं असतं, त्याला मराठीत काय म्हणायचं? अनुवादांत ‘कोरडी वाइन’ दिसतं, क्वचित ‘शुष्क’ही. मला दोन्ही खटकतात. टॅनिन, बॉडी (तोंडात जाणवणारं वजन), फिनिश (गिळल्यावर मागे उरणारी चव) यांचंही जमलं तर सांगा. घरच्या जेवणाबरोबर घ्यायची साधी बाटली आहे, तिच्यासाठी संस्कृत कोश उघडावा लागू नये एवढीच अट.

गोदाकाठ
‘कोरडी’ नकोच. त्या शब्दाने चवीचाच घोळ होतो. ड्राय म्हणजे वाइनमध्ये साखर जवळजवळ उरलेली नाही. रस आंबताना यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. लिटरला साधारण 4 ग्रॅमच्या आत साखर राहिली की ड्राय. पण ‘कोरडी’ ऐकलं की माणूस तोंड कोरडं पडायची वाट बघत बसतो! ते काम टॅनिनचं. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं, म्हणून रेडमध्ये जास्त. आमच्या नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन ड्राय असते, पण तिने तोंडाला पाणी सुटतं.

मी सरळ ‘बिनगोड’ म्हणतो. बागाईतदाराचं सगळं लक्ष गोडीवर. ऑक्टोबरच्या छाटणीलाच आमच्याकडे गोडी बहार छाटणी म्हणतात, मग मण्यांत गोडी किती भरली ते रिफ्रॅक्टोमीटरवर बघत राहायचं. ती सगळी गोडी आंबवून संपवली की बिनगोड वाइन.

ऱ्हाइनकाठ
इथे जर्मनीत बाटलीवर ‘ट्रोकन’ असतं, फ्रेंच लोक ‘सेक’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ कोरडं. सगळ्यांना चालतं, मग मराठीनेच का नखरे करायचे? फक्त एक सांभाळा: बुडबुडेवाल्या वाइनवर ‘सेक’ असेल तर लिटरला 17 ते 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे चांगली गोड लागते. बिनगोड हवी तर ‘ब्रूट’ बघून घ्या, ती 12 ग्रॅमच्या आत.

गोदाकाठ
अहो, ‘कोरडी’ लिहिलेली बाटली गोड निघते म्हणता, मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय की!

सांजवात
टॅनिनला ‘तुरट’. यावर चर्चासुद्धा नको. षड्रसांतला कषाय तो हाच. कच्चं केळं, आवळा, जांभूळ खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वर कुणी सुचवायच्या आधीच सांगते, ‘तोठरा’ इथे चालणार नाही. तोठरा घशात बसतो, कोरडा लाडू घाईने खाल्ला की. तुरटपणा हिरड्यांना आणि गालांना आतून जाणवतो.

खरी गल्लत तुरट, आंबट आणि कडू यांत होते. रेड प्यायली की अर्धे लोक सरसकट ‘कडू आहे’ म्हणून ग्लास ठेवून देतात. घोट गिळा आणि क्षणभर थांबा. लाळ सुटली तर आंबटपणा. जीभ हिरड्यांवरून फिरवताना खरखरीत लागलं तर तुरटपणा. गिळल्यानंतरही जिभेच्या मागच्या बाजूला काही रेंगाळत राहिलं, तर तो कडवटपणा. (शुद्धतावाद्यांसाठी: संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. तेव्हा संस्कृत शब्द आणून घोळ वाढवू नका.)

घाटमाथा
बॉडीला ‘अंग’ म्हणू नका म्हणजे झालं. ‘अंगाबरोबर रस’ हे आपण भाजीबद्दल बोलतो, तिथे अर्थ निराळा. वाइन हलकी, भरीव किंवा जड असते. आणि फसली की ‘पाणचट’, या शब्दाला तोड नाही. फिनिशला नाम कशाला हवं? चव रेंगाळते किंवा लगेच मरते, क्रियापदावर भागतं. ‘पश्चात्स्वाद’ पाहिलाय मी छापलेला. तो जेवणाच्या टेबलावर म्हणून दाखवा कुणी.

वासाला तर आपल्याकडे खजिना आहे. बूच खराब निघालं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो कुबट. व्हिनेगरकडे झुकली तर आंबूस. अल्कोहोल नाकात शिरलं तर उग्र.

मांडवी
उग्र निघाली तर आधी तापमान बघा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड देशातल्या घरांचा, म्हणजे 16 ते 18 अंश. आमच्या गोव्यात मे महिन्यात खोली 32 अंशांवर असते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, उग्रपणा बसतो. आणि इथे पर्यटक हौसेने नेतात ती पोर्ट वाइन गोडच असते, तिला बिनगोड-बिनगोड लावत बसू नका.

कैरीपन्हं
‘बिनगोड’ आणि ‘तुरट’ घेतले. आता जेवणाचं: भरली वांगी आणि शिराझ ही रेड वाइन जमेल?

सांजवात
मसाला बेताचा असेल तर जमेल, दाण्याच्या कुटातलं तेल तुरटपणा झेलतं. झणझणीत केलीत तर मात्र अल्कोहोलने तिखट आणखी चढतं आणि तुरट रेड अधिकच खरखरीत लागते. त्या दिवशी किंचित गोडसर, थंडगार चेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन काढा. चिंच-कोकमाच्या कालवणाबरोबर वाइन कालवणाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर घाटमाथांचा ‘पाणचट’ तिथे लागू होतो. बाटली उघडल्यावर एक घोट जेवणाआधी घ्या आणि एक घासानंतर. पहिल्या घोटाला फार आंबट वाटलेली वाइन तळलेल्या बांगड्याबरोबर बरोब्बर बसते.

घाटमाथा
उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये, रेड असली तरी. दोन-तीन दिवस चालते. आंबूस झाली की मटणाच्या मुरवणात घाला.