पाऊस नाही तरी काकडीवर डाऊनी (केवडा रोग) एवढा कसा पसरला?

मांडववाला
नमस्कार मंडळी, काकडीचा प्लॉट ४० दिवसांचा आहे, मांडवावर. पंधरा दिवस झाले पावसाचा थेंब नाही, दुपारी चांगलं कडक ऊन पडतंय, म्हणून डाऊनीची काळजी नाही असं धरून फवारणी लांबवली. परवा सकाळी बघतो तर बुडातल्या पानांवर पिवळे डाग आणि आज मांडवाच्या अर्ध्यापर्यंत चढलेत. डाग शिरांच्या मधे अडकल्यासारखे चौकोनी दिसतात. डाऊनी पावसाळी हवेतला रोग ना? मग कोरड्या हवेत एवढा वेगात कसा काय? का ही भुरी (पानावर पांढरी पावडर येते तो रोग) आहे? रात्री गारवा असतो, पहाटे दव पडतं. पाणी तुषारने देतो, संध्याकाळी. मेहनतीचा प्लॉट आहे, कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

वेलवर्गीय_शेती
दादा उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, पहाटेचं दव. डाऊनीला पाऊस लागतोच असं नाही, त्याला पान ओलं लागतं, मग ते पाऊस, धुकं, दव, तुषार कशानेही होऊ दे. रात्री हवेत दमटपणा भरपूर असला आणि सहा-एक तास तसाच टिकला की डागाच्या खालच्या बाजूला बीजाणू (रोग पसरवणारे बारीक कण) तयार होतात, सकाळी हवा कोरडी व्हायला लागली की ते सुटतात आणि वाऱ्यावर जातात. ते दुसऱ्या ओल्या पानावर पडले की फुटून त्यातून बारीक पोहणारे जीव बाहेर येतात, हे पाण्याच्या थरातून पोहत पानाच्या छिद्रापर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. म्हणून पाणी पाहिजेच. बीजाणू भरपूर असले आणि १५ ते २० अंश तापमान असलं तर दोन तास ओलं पानसुद्धा पुरतं. तुमच्याकडे दव त्याच्या कितीतरी जास्त वेळ राहत असणार.

आणि दोन दिवसांत पसरला म्हणताय ते तसं नाहीये. लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत हवामानाप्रमाणे साधारण ४ ते १२ दिवस जातात. आज जे डाग दिसतायत ते मागच्या आठवड्यातल्या ओल्या रात्रींचे आहेत, आणि कालच्या रात्री जे आत शिरलंय ते अजून दिसायचंय. हे डोक्यात ठेवलं तरच फवारणीचं टायमिंग जमतं.

हिरवं_पान
भुरी की डाऊनी हे घरच्या घरी बघता येतं. ताजा डाग असलेलं पान संध्याकाळी तोडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या टिश्यूपेपरबरोबर ठेवा, तोंड बांधा आणि रात्रभर अंधारात गार जागी ठेवा. सकाळी पान उलटं करून बघा, डाऊनी असेल तर डागाच्या बरोब्बर मागे राखाडी-जांभळट मखमल आलेली दिसते. भिंग असेल तर उत्तमच. भुरी असेल तर पांढरी पावडर, बहुतेक वरच्याच बाजूला, आणि बोटाने पुसली जाते. भुरीला पानावर पाणी साचायची गरज नसते, दोघांची औषधंही वेगळी, त्यामुळे आधी खात्री करा. एक लक्षात ठेवा, चौकोनी डाग काकडीवर स्पष्ट दिसतात, कलिंगड आणि खरबुजावर डागांना तशी धार नसते म्हणून तिथे लोक फसतात.

ढगाळ
पण दिवसा एवढं ऊन आहे तर बीजाणू मरायला पाहिजेत ना? मी तरी असंच ऐकलंय.

वेलवर्गीय_शेती
@ढगाळ बरोबर ऐकलंय, उघड्या उन्हात ते फार टिकत नाहीत. पण जे पानाच्या आत शिरलंय त्याला दुपारचं ऊन मारत नाही. दुपारी ३५ च्या वर पारा गेला तर वेग कमी होतो खरा, रात्र गार आणि ओली असली की ते परत उचल खातं. ढगाळ हवेत तर हवेतले बीजाणू जास्त वेळ जिवंत राहतात आणि वाऱ्याबरोबर खूप लांब जातात, शेकडो किलोमीटरसुद्धा, त्यामुळे आपला प्लॉट स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मांडववाला दादा, संध्याकाळचा तुषार मात्र आजच बंद करा. संध्याकाळी पान ओलं करायचं आणि त्यावर रात्रीचं दव, म्हणजे ओलाव्याचे तास तुम्हीच वाढवून देताय. ठिबक असेल तर सर्वात चांगलं. तुषारच असेल तर पहाटे दव असतानाच द्या, पान तसंही ओलंच असतं. दव उडाल्या उडाल्या दिलंत तर तोच ओलावा पुढे लांबतो. बुडाची जुनी पानं काढून मांडवाखाली वारा खेळता ठेवा, पण हे काम पान कोरडं झाल्यावरच करा.

मांडववाला
पिशवीवाला प्रयोग केला भाऊ. सकाळी पान उलटं केलं तर प्रत्येक डागामागे राखाडी मखमल, बोट लावलं तर बोटाला लागली. म्हणजे डाऊनीच. ठिबकच्या नळ्या पडून होत्या त्या आज अंथरल्या. आता फवारणीचं सांगा.

हिरवं_पान
मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल ही पानावर थर धरणारी औषधं, लागण व्हायच्या आधी उपयोगाची. आता डाग आलेत तर पानात थोडं शिरणारं पाहिजे, सायमोक्झॅनिल किंवा डायमेथोमॉर्फ, आणि सोबत थर धरणारं. एकाच गटातलं औषध सारखं मारू नका. मेटॅलॅक्झिल आणि स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांना बऱ्याच ठिकाणी हा रोग दाद देत नाही. काकडी तोडणी चालू असेल तर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं हे लेबलवर लिहिलेलं असतं ते पाळा, खाणाऱ्याचा विचार आधी. आणि नोझल खालून धरा, वरूनच पान धुवून काढलं तर मागची बाजू कोरडीच राहते.

जुने डाग बरे होणार नाहीत, ते वाळतीलच. औषध लागलं की नाही ते शेंड्याकडच्या नवीन पानांवर बघा. फवारणीच्या आधीच आत शिरलेल्या रोगाचे डाग अजून काही दिवस दिसतीलच, त्याने घाबरून लगेच दुसरं औषध मारू नका. आठ-दहा दिवसांनी उघडलेलं पान स्वच्छ राहिलं की समजा थांबलं. तोवर रोज पहाटे पानाखाली हात फिरवून बघा किती वाजेपर्यंत ओलं राहतं, आणि ती वेळ लिहून ठेवा.